म्हाताऱ्या कुत्र्याचा विमा तो तरुण असतानाच

कुत्रा आठ-नऊ वर्षांचा झाला, अंगणातली पायरी चढताना थबकू लागला, पाण्याचे भांडे दिवसातून चारदा रिकामे करू लागला, की मालकाला पहिल्यांदा विमा आठवतो. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. कोणाचा हप्ता कमी, कोण पैसे अडवत नाही, कोणाची पॉलिसी लवकर मिळते. हे प्रश्न रास्तच आहेत, फक्त ते चार-पाच वर्षे उशिरा विचारले जातात. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक पॉलिसींत कुत्र्याचे उतारवय सुरू होते त्याच सुमारास नव्या ग्राहकाला दार बंद होते, आणि आधीपासून हप्ते भरणाऱ्यालाही पुढे दोन-चार वर्षांत बाहेरची वाट दाखवली जाते. त्यामुळे पॉलिसी किती स्वस्त आहे याआधी ती कुत्र्याच्या कितव्या वर्षापर्यंत टिकते हे पाहायला हवे. विमा घ्यायचा तर कुत्रा तरुण असताना घ्यावा, म्हाताऱ्या कुत्र्यासाठी पैसा बाजूला टाकावा, आणि हा तिढा कायमचा सुटायचा असेल तर माणसांच्या आरोग्यविम्याला असलेला आयुष्यभर नूतनीकरणाचा हक्क कुत्र्याच्या पॉलिसीलाही मिळावा, असे माझे मत आहे.

आधी बाजार पाहू. न्यू इंडिया अॅश्युरन्ससारख्या सरकारी कंपन्या कुत्र्यांचा विमा बऱ्याच वर्षांपासून उतरवतात. त्याचा साचा गुराढोरांच्या विम्याचा आहे. जनावर अपघाताने किंवा आजाराने दगावले तर ठरलेली रक्कम मिळते, म्हणजे भर मृत्यूवर. उपचारांच्या खर्चाला महत्त्व देणाऱ्या खासगी पॉलिसी अलीकडच्या. बजाज अलियान्झने २०२० मध्ये अशी योजना आणली आणि मागोमाग इतर खासगी कंपन्याही आल्या. त्यांत शस्त्रक्रिया आणि दाखल होण्याचा खर्च, मृत्यू, गंभीर आजार, कुत्रा हरवणे किंवा चोरीला जाणे, कुत्रा कोणाला चावला तर द्यावी लागणारी भरपाई असे वेगवेगळे भाग असतात आणि प्रत्येक भागाला वेगळी मर्यादा असते. वयाचे साधारण चित्र असे की नवी पॉलिसी लहान-मध्यम जातींना सात-आठ वर्षांपर्यंत मिळते, ग्रेट डेनसारख्या थोराड जातींना जेमतेम चार वर्षांपर्यंत. नूतनीकरण बहुधा दहाव्या वर्षी थांबते आणि थोराड जातींचे त्याच्याही बरेच आधी. अटी कंपनीगणिक बदलतात, पण रोख तोच राहतो. दहा वर्षांच्या गावठी कुत्र्याला किंवा नऊ वर्षांच्या जर्मन शेफर्डला नव्याने विमा मिळवू पाहणाऱ्याने ही वस्तुस्थिती आधी पचवलेली बरी.

कंपन्या असे का करतात, हे कळले तर पुढचा निर्णय सोपा होतो. विमा हा अनिश्चित संकटाचा असतो. शंभर कुत्र्यांपैकी कोणता गाडीखाली सापडेल हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून शंभर मालकांनी थोडे थोडे पैसे घालून त्या एकाचा खर्च उचलणे परवडते. उतारवयातल्या दुखण्यांचे गणित निराळे. मूत्रपिंड थकणे, हृदयाची झडप सैल होणे, सांधे झिजणे, दात किडणे, अंगावर गाठी येणे ही दुखणी वयाबरोबर येतातच. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा १९२४ पासून आहे आणि तिथे बहुसंख्य कुत्र्यांचा विमा उतरवलेला असतो. तिथल्या विमा नोंदींवरून संशोधकांनी काढलेला एक निष्कर्ष बोलका आहे. नसबंदी न केलेल्या माद्यांपैकी पाचवा ते चौथा हिस्सा दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू होण्याच्या विकाराला बळी पडतो. इतकी मोठी शक्यता ज्याला आधीच ठाऊक आहे तो त्याच वयाच्या मादीचा विमा नव्याने स्वस्तात का देईल? शिवाय एकदा मूत्रपिंडाचा आजार ठरला की पुढचा खर्च महिन्याच्या किराण्यासारखा ठरलेला असतो. गोळ्या, दर काही महिन्यांनी रक्ततपासणी, वेगळे खाद्य. ठाऊक असलेल्या खर्चाचा विमा उतरवता येत नाही. उतरवलाच, तर तोच खर्च कंपनीच्या नफ्यासकट हप्त्याच्या रूपाने परत आपल्याच खिशातून जातो.

याच कारणासाठी पॉलिसीच्या पहिल्या पानावरची मोठी रक्कम पाहून भुलू नये. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहा. नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉरच्या अंगावरची गाठ काढली आणि सगळा मिळून खर्च २५,००० रुपये झाला. त्यात दाखल करण्याआधीच्या रक्ततपासण्या आणि एक्स-रे ४,००० रुपयांचे, घरी आणल्यावरची औषधे आणि ड्रेसिंग ३,००० रुपयांचे. पॉलिसी फक्त दाखल असतानाचा खर्च धरत असेल तर दाव्याला उरले १८,०००. त्यातले २० टक्के मालकाने सोसायचे अशी अट असेल तर हाती येतात १४,४००. वर्षाचा हप्ता ६,००० धरला, तर ही रक्कम अडीच वर्षांच्याही आत कंपनीकडे परत गेलेली असते. आणि तीच गाठ पॉलिसी घेण्याआधी एखाद्या केसपेपरवर डॉक्टरांनी नुसती ‘डाव्या कुशीत लहान गाठ, लक्ष ठेवा’ अशी लिहून ठेवली असेल, तर तो आधीपासूनचा आजार ठरतो आणि हाती काहीच पडत नाही. म्हणून तुलना करताना हप्त्याचा आकडा बाजूला ठेवून पाच गोष्टी आधी वाचाव्यात. नवी पॉलिसी कितव्या वर्षापर्यंत मिळते आणि नूतनीकरण कितव्या वर्षी थांबते? आधीपासूनच्या आजाराची व्याख्या काय? पॉलिसी सुरू झाल्यावर किती दिवस आजार धरले जात नाहीत? मालकाचा वाटा किती टक्के आणि तो वयाबरोबर वाढतो का? बाह्यरुग्ण उपचार आणि तपासण्या धरल्या आहेत का? उतारवयात खरा खर्च याच शेवटच्या खात्यावर होतो, आणि पॉलिसीत नेमका तोच भाग बहुधा ऐच्छिक किंवा तुटपुंजा असतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला, ती सवलत माणसांची. कुत्र्याचा हप्ता कर धरूनच मोजावा.

बेळगावजवळच्या येळ्ळूरसारख्या गावात हा प्रश्न आणखी एका अंगाने पाहावा लागतो. राजहंसगडाच्या पायथ्याशी भातशेती करणाऱ्या घरांना जनावरांचा विमा नवा नाही. म्हशीच्या कानाला टॅग, डॉक्टरांचा दाखला, बाजारभावाने ठरलेली किंमत हे सगळे त्यांच्या परिचयाचे आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल करून पशुपालकाचा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आणला, उरलेला भार केंद्र आणि राज्य उचलतात. त्याच गोठ्याची आणि शिवाराची राखण करणारा कुत्रा मात्र या अनुदानात नाही. तो पशुधन नाही आणि त्याला बाजारभावही नाही. म्हणजे गावातल्या माणसाला कुत्र्यासाठी पूर्ण हप्ता भरून, शहरी ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली इंग्रजी पॉलिसी घ्यावी लागते. आणि दावा अडतो तो बहुधा कागदावर. उपचार नोंदणीकृत पशुवैद्याकडे झालेला असावा, बिल छापील आणि तारखेचे असावे, लसीकरणाची वही अद्ययावत असावी, असे कंपनी मागते. गावात मात्र इंजेक्शन कोणीतरी घरी येऊन देऊन जातो आणि औषधाच्या दुकानातून कागदाच्या चिठोऱ्यावर हिशेब मिळतो. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस, रेबीज यांच्या लशी वेळेवर दिल्या नसतील तर त्या रोगांचा दावा सरळ नाकारला जातो. बेळगावच्या पावसात आणि भाताच्या चिखलात लेप्टोचा धोका काल्पनिक नाही. म्हणून विमा घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लसीची वही, कुत्र्याचे चहूबाजूंनी काढलेले फोटो आणि प्रत्येक बिल एका फाइलमध्ये ठेवावे. शक्य असेल तर मायक्रोचिप बसवून घ्यावी. ओळखीचा वाद त्यामुळे मिटतो आणि काही कंपन्या हप्त्यातही थोडी सूट देतात.

कंपनी भरवशाची की नाही, हे जाहिरातीवरून कळत नाही. दावा नाकारल्यावर दाद कुठे मागता येते हे मात्र आधी माहीत करून घेता येते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते. कर्नाटकातल्या येळ्ळूर आणि निपाणीसाठी हे कार्यालय बेंगळुरूचे, निपाणीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागलसाठी पुण्याचे. सीमाभागातल्या माणसाला असल्या विभागणीची सवय आहेच. इथे नियम मात्र दोन्हीकडे सारखेच आहेत. ज्या एजंटला पॉलिसीची पूर्ण प्रत, फक्त रंगीत पत्रक नव्हे, सही करण्याआधी देता येत नाही त्याच्याकडून ती घेऊ नये, एवढा नियम पाळला तरी निम्मी फसगत टळते.

आता ज्यांचा कुत्रा आजच म्हातारा आहे त्यांचे काय? त्यांनी विम्याच्या मागे धावण्याऐवजी तोच हप्ता स्वतःच्या नावावर भरावा. महिन्याला ५०० रुपये म्हणजे वर्षाला ६,०००, वर मांडलेल्या हप्त्याएवढेच. कुत्रा चार-पाच वर्षांचा असतानाच पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव सुरू केली, तर सध्याच्या ६.७ टक्के दराने मुदतीअंती साडेपस्तीस हजारांच्या वर रक्कम होते, आणि ती नेमकी उतारवयात हाती येते. कुत्रा आजच नऊ वर्षांचा असेल तर पाच वर्षांची मुदत धरू नये. बँकेतली वर्षाची ठेव, सोसायटीतले खाते किंवा गल्लीतल्या बायकांची विश्वासातली भिशीसुद्धा चालेल. या पैशाला आधीपासूनच्या आजाराची अट नाही, तो रक्ततपासणीला चालतो, गोळ्यांना चालतो, आणि कुत्रा निरोगी राहिला तर आपल्याकडेच राहतो. रतन टाटा यांनी आपल्या टिटो नावाच्या कुत्र्याच्या आजन्म देखभालीची तरतूद मृत्युपत्रात केल्याच्या बातम्या ऑक्टोबर २०२४ मध्ये आल्या. त्यांनाही भरवशाचा वाटला तो बाजूला काढून ठेवलेला पैसाच. रकमेत जमीन-अस्मानाचे अंतर असले तरी रीत आपल्यालाही तीच उपयोगी आहे.

या निधीतला पहिला पैसा उपचारापेक्षा प्रतिबंधावर खर्च व्हावा. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर चौदा वर्षे चाललेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिले. जास्त खाणाऱ्या गटातले निम्मे कुत्रे ११.२ वर्षांच्या आत गेले, कमी खाणाऱ्या गटात हाच टप्पा १३ वर्षांवर गेला, आणि सांधेदुखीचे औषधही त्यांना उशिरा लागले. उरलेला दूधभात, चहाबरोबरचे बिस्कीट, सणाच्या दिवशीची पुरणपोळी यांनी वजन वाढवलेल्या आपल्या कुत्र्यांच्या मालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा, कारण त्याला हप्ता लागत नाही. मादीची नसबंदी तरुणपणी केली तर गर्भाशयाचा तो विकार टळतो, आणि पहिल्या माजाच्या सुमारास केली तर स्तनांच्या गाठींचा धोकाही खूप कमी होतो. पावसाळ्याआधी गोचिडांचा बंदोबस्त केला तर गोचीड तापाचे सलाइन, रक्ततपासण्या आणि आठवड्याची धावपळ वाचते. सात वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त, लघवी आणि दात तपासून घेतले तर मूत्रपिंडाचे दुखणे निदान खाद्य बदलून आवरता येईल अशा अवस्थेत सापडते.

यावर पहिला आक्षेप असा की निधी जमायला वेळ लागतो आणि संकट वेळ पाहून येत नाही. ठेव सुरू केल्यावर दुसऱ्याच महिन्यात कुत्र्याच्या पोटाला पीळ पडला तर हजार रुपयांत काय होणार? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तरुण कुत्र्यासाठी विमा आणि ठेव दोन्ही असावीत असे माझे मत आहे. अपघात, विषबाधा, अचानकची शस्त्रक्रिया यांसाठी विमा हेच योग्य साधन आहे आणि त्या वयात तो मिळतोही. विम्याच्या मुदतीत ठेव वाढत जाते आणि पॉलिसी जिथे हात सोडते तिथे ती हात धरते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र या आक्षेपाने विम्याची बाजू बळकट होत नाही. ज्याला पॉलिसीच मिळत नाही, किंवा मिळाली तरी सुरुवातीचा काळ आजार धरले जात नाहीत, त्याचेही दुसऱ्या महिन्यातले संकट उघड्यावरच पडते. निधी थोडा असला तरी पहिल्या दिवसापासून आपला असतो.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा. आयुष्यभर नूतनीकरण सक्तीचे केले तर म्हातारी कुत्री तेवढी उरतील, हप्ते आकाशाला भिडतील आणि बाजारच बुडेल. माणसांच्या आरोग्यविम्याबद्दलही हेच बोलले जात होते. तरीही विमा नियामक संस्थेने तिथे आयुष्यभर नूतनीकरण बंधनकारक केले, २०२४ मध्ये ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी घेण्यावरची मर्यादा काढली आणि आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ चारवरून तीन वर्षांवर आणला. बाजार बुडाला नाही. ब्रिटनमध्ये कुत्र्यांसाठीही आयुष्यभर चालणाऱ्या पॉलिसी आहेत. एकदा जडलेला आजार दरवर्षी नव्याने धरला जातो. त्याची किंमतही मोजावी लागते हे लपवण्यात अर्थ नाही. वयाबरोबर हप्ते चढत जातात आणि अनेक कंपन्या आठ-नऊ वर्षांनंतर बिलाचा काही टक्के वाटा मालकावर टाकतात. पण तिथे निदान निवड मालकाच्या हाती असते. परवडले तर तो टिकून राहतो. आपल्याकडे सहा वर्षे इमानाने हप्ते भरणाऱ्याला, कुत्रा दहाचा झाला या एकाच कारणाने, बाहेर काढले जाते. तरुण निरोगी कुत्र्यांचे हप्ते घ्यायचे आणि खर्चाची वर्षे सुरू होताच दार लावायचे, याला जोखीम वाटून घेणे म्हणता येत नाही. सहा वर्षांच्या सलग हप्त्यांनंतर वाढीव दराने का होईना पण पुढे चालू ठेवण्याचा हक्क मागणे हे कंपनीला बुडवणारे नाही. नव्या म्हाताऱ्या कुत्र्याला दारात घ्या असे यात कोणी म्हणत नाही, आधीपासून घरात असलेल्याला हाकलू नका एवढेच म्हणणे आहे.

तिसरा आक्षेप गावकीतला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसांच्या दवाखान्याला पैसा पुरत नाही तिथे कुत्र्याचा विमा म्हणजे शहरातल्या हौशी लोकांचे चोचले, असे म्हटले जाते. घरातल्या माणसांचा आरोग्यविमा आधी, हे निर्विवाद. ज्या घरात तो नाही त्या घराने कुत्र्याचा हप्ता भरू नये. पण कुत्रा पाळला की त्याचे दुखणे टळत नाही. टळते ते फक्त त्याचे नियोजन. नियोजन नसलेले घर ऐनवेळी सोसायटीतून उसने काढते, किंवा उपचारच सोडून देते, किंवा आजारी कुत्र्याला दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडून येते. हे शेवटचे केवळ निर्दयपणाचे नाही, रेबीजच्या दृष्टीने साऱ्या गावाच्या अंगाशी येणारे आहे. महिन्याला दोन-तीनशे रुपये बाजूला टाकणे हा चोचला नाही. गोठ्यातल्या जनावराबद्दल आपण जो हिशेबीपणा दाखवतो तोच दाराशी बसलेल्या जनावराबद्दल दाखवणे आहे.

यातून निघणारा क्रम सरळ आहे. पिल्लू घरी आणल्यावर पहिल्या वर्षातच अपघात आणि शस्त्रक्रियेपुरती पॉलिसी घ्यावी, आणि नूतनीकरण जास्तीत जास्त वर्षे चालणारी निवडावी, मग तिचा हप्ता चारशे-पाचशे रुपयांनी जास्त असला तरी. त्याच महिन्यात छोटी ठेव सुरू करावी. कुत्रा आधीच वयाची मर्यादा ओलांडून गेला असेल तर विमा शोधण्यातला वेळ वाचवून ठेव, वजन आणि वार्षिक तपासणी यांवर लक्ष द्यावे. ग्राहक संघटना आणि पशुवैद्यांच्या संस्थांनी नियामकाकडे दोन गोष्टी लावून धराव्यात. पहिली, सलग हप्ते भरणाऱ्याला वयाच्या कारणाने नूतनीकरण नाकारता येऊ नये. दुसरी, वयोमर्यादा, मालकाचा वाटा आणि वगळलेले आजार या तीन गोष्टी पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, ग्राहक मागेल त्या भारतीय भाषेत, मराठीतसुद्धा, छापल्या जाव्यात. हे झाले की कोणती पॉलिसी भरवशाची हे ठरवायला एजंटच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही. पहिले पान वाचता येणारा येळ्ळूरचा कोणीही ते स्वतः ठरवू शकेल.